ऊठ गाढवा, शब्बाथ लागतोय

रविवार, ३ नोव्हेंबर २०१३

डॉक्टरीणबाईंनी दंडावरचा पट्टा सोडला आणि म्हणाल्या, "दिघोडकर, राग आला की बोलू नका, लिहा." म्हणून ही डायरी. बाहेर दिवाळीच्या माळा तडतडतायत, आत मी तडतडतोय.

राग कुणाचा? लॅपटॉपचा. हसायचं काम नाही. शमुएलने, माझ्या मुलाने, पनवेलला असताना पहिल्या पगारातून घेतलेला हा डबा. इस्रायलमध्ये अश्दोदला कायमचा जाताना आमच्यासाठी ठेवून गेला. नवा पाठवतो म्हणतो, मी नको म्हणतो. कुरकुरायला लागली म्हणून वस्तू फेकून द्यायची, हे मला जमत नाही. तर हा डबा मिटला की झोपतो आणि उघडला की उठत नाही. स्क्रीन काळी ती काळीच. मी समोर बसून बोंबलतो, तो ढिम्म. कडेला एक हिरवा ठिपका तेवढा लागतो, मला वेडावून दाखवायला. बरं, आधीपासून उघडून ठेवावा तर तापतो आणि ऐन वेळी बंदच पडतो.

आणि वेळ आहेच कुठे? शमुएल शुक्रवारी दुपारी कारखान्यातून घरी येतो, तेव्हा इथे दिवस कलायला आलेला असतो. हेप्झिबाने, माझ्या बायकोने, शब्बाथचा दिवा लावला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत मी कुठल्याही बटणाला हात लावत नाही. बापजन्मात लावलेला नाही. उन्हाळ्यात त्याचं येणं आणि आमचा दिवा यांच्यात चांगला ऐसपैस वेळ असायचा. आता तिकडच्या सरकारने घड्याळं मागे सरकवली. घड्याळ म्हणजे काय लुंगी आहे, हवी तेव्हा वर-खाली करायला? आता मध्ये जेमतेम पाव तास उरतो आणि त्यातला निम्मा हा गाढव झोपून काढतो.

त्या पाव तासात मला एकच काम करायचं असतं. निरीतला, माझ्या सहा वर्षांच्या नातीला, शब्बाथचा आशीर्वाद द्यायचा. मी इकडून काचेला बोटं लावायची, तिने तिकडून लावायची, मग दोघांनी आपापली बोटं ओठांना न्यायची. हातबोशी. मला माझ्या आजोबांनी शिकवली, मी शमुएलला. डोक्यावर हात ठेवता येत नाही, निदान एवढं तरी. परवा चित्र आलं तेव्हा हेप्झिबाच्या हातात काडी पेटलेली होती. "अहो, झालं, आता मिटा तो." निरीत लांब कुठेतरी उभी दिसली आणि गेली. आशीर्वाद राहिला. काल शब्बाथ, म्हणून लिहिताही आलं नाही. अख्खा दिवस राग तोंडात धरून बसलो.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

आज स्वतःच हात घातला. रंगाचा जुना ब्रश घेऊन कळांच्या फटी साफ केल्या. आत सुकलेले गोड पोहे निघाले, आमच्याकडे नवसाचा मलिदा केला होता त्या वेळचे. म्हटलं, हेच खाऊन सुस्तावला असेल. फुंकला, पुसला, उलटा करून आपटला. मिटला. थोड्या वेळाने उघडला. काळा!

शेजारचा फारूक दारात उभा राहून बघत होता. कुवेतची नोकरी संपवून आल्यापासून याला दुसऱ्याच्या दारात उभं राहण्याशिवाय काम नाही. म्हणतो, "मनासेभाई, शुक्रवारी असरची नमाज पढून आलो की जिन्यातच कळतं मला, तुमचा लॅपटॉप उघडला. 'ऊठ गाढवा' तळमजल्यापर्यंत ऐकू येतं, कसम से. तळमजल्यावरचा काशिराम तर झोपेतून उठून बसतो."

"तो उठतो ना, मग हाच का नाही उठत?"

"प्यारसे बोलून बघा एकदा."

"प्यार तू कर, तुझ्याकडे वेळ आहे."

शेवटी त्याच्याच भाच्याकडे, अबरारकडे, करंजाड्याला नेला. अबरारचं दुकान म्हणजे चार बाय सहाची खोली आणि तोरा असा की साहेब परदेशातून काल उतरलेत. गोल फिरणाऱ्या खुर्चीत बसून फिरतच बोलतो. "काका, याला आता पेन्शन द्या." मी म्हटलं, "पेन्शन मी खातो. तो ड्युटीवर आहे." आणि तिथे त्या नालायकाने काय करावं? अबरारने उघडल्याबरोबर उठला! डॉक्टर दिसला की ताप पळतो तसा. अबरारने दात विचकले, काही काही पुसून टाकलं, काहीतरी जास्तीचं बसवलं आणि म्हणाला, "मख्खन झालाय." बघू मख्खन.

शनिवार, ९ नोव्हेंबर, शब्बाथ संपल्यावर

मख्खन कसलं, दगड!

काल सगळी तयारी ठेवली होती. शमुएल मागच्या खेपेला आला तेव्हा असं करून गेलाय की त्यांचा व्हिडिओ फोन आला की आमच्याकडे आपोआप उचलला जातो, मला काही दाबायचंच नाही. तिकडून निरीतच लावते, ते काम तिचं. शमुएल तोवर अंघोळीला, सूनबाई स्वयंपाकात. मला फक्त झाकण उघडायचं आणि चित्र आलं की बाहेरचा स्पीकर लावायचा, आतला कधीच मेलाय. स्पीकर आधीपासून लावला तर घूं करत बसतो आणि माझं डोकं उठवतो.

उघडलं झाकण. काळं. हिरवा ठिपका लागला. काळंच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अगदी तोंडाजवळ तोंड नेऊन म्हटलं, "ऊठ गाढवा, ऊठ! शब्बाथ लागतोय! किती वेळ तुझं हे थोबाड बघत बसायचं? नुसता बसून राहतो निर्लज्जासारखा! ऊठ म्हणतो ना!"

स्वयंपाकघरातून हेप्झिबा धावत आली. "अहो, हळू. कुणी ऐकत असेल."

"ऐकू दे! फारूक दर शुक्रवारी ऐकतो."

"फारूकभाईंचं नाही म्हणत मी."

"मग कुणाचं? काशिरामचं?" ती परत स्वयंपाकघरात. ही बाई अर्धं बोलते आणि उरलेलं गिळते.

चित्र आलं तेव्हा निरीत खुर्चीमागे, पार भिंतीला टेकून उभी. या पोरीला खुर्चीत बसायला काय होतं? बघावं तेव्हा उभी. शमुएलने ओले केस पुसत तिला पुढे ओढलं. तिने एक बोट काचेला टेकवलं न टेकवलं आणि आईच्या मागे पळाली. मी आशीर्वादाचे शब्द म्हणालो ते रिकाम्या खुर्चीला. वाट बघून कंटाळते लेकरू, दुसरं काय. हा दगड लवकर उठला असता तर बसली असती.

सोमवार, ११ नोव्हेंबर

शमुएलचा साधा फोन. इकडचं तिकडचं बोलला आणि मग घसा खाकरून, "पप्पा, शुक्रवारी नुसता फोनच केला तर? व्हिडिओ नको."

"का?"

"निरीतला जरा... म्हणजे स्क्रीनचा त्रास होतो."

"डोळ्यांचा?"

"हां. तसंच काहीतरी."

"आणि दिवसभर मोबाईलवर खेळते तेव्हा डोळे कुठे ठेवते?"

आईवर गेलाय, गिळतो. मला काय कळत नाही? सूनबाईंच्या माहेरी हातबोशीची पद्धत नाही, काचेला बोटं लावतात त्याचं हसू येत असेल त्यांना. स्पष्ट सांगितलं, आशीर्वाद फोनवरून कुणी देत नाही, समोरासमोर देतात. आणि मला फोन शिकवतो! उरणच्या टेलिफोन एक्स्चेंजला जन्म काढला मी. नवा ऑपरेटर आला की पहिल्या दिवशी त्याला हेच सांगायचो, लाइन मेली असं वाटलं तरी तोंड सांभाळ, तुला ऐकू येत नसेल पण पलीकडच्याला येत असतं. एकतर्फी लाइन म्हणतात तिला. किती जणांची नोकरी वाचली माझ्या त्या सांगण्याने. आणि हे कालचं पोर मला म्हणतं, नुसता फोन करा.

रविवार, १७ नोव्हेंबर

लिहू की नको?

परवाचा शुक्रवार. तेच सगळं. काळं, हिरवा ठिपका, माझी बोंबाबोंब. चित्र आलं. निरीत उभी. (आहेच!) शमुएल आला आणि म्हणतो, "पप्पा, तुम्ही दिसत नाही आज." बघतो तर वर कॅमेऱ्याच्या भोकावर चिकटपट्टी! जखमेला लावतात ती! ती ओरबाडून काढेपर्यंत दिव्याची वेळ झाली.

शब्बाथभर तोंड दाबून ठेवलं, काल संध्याकाळी विचारलं, "हे कुणाचं काम?"

"माझं," हेप्झिबा म्हणाली.

"का?"

"धूळ जाऊ नये म्हणून."

धूळ! चाळीस वर्षांच्या संसारात या बाईने मला एकदा खोटं सांगितलं नाही, आणि आता सांगते ते एवढं टुकार. मी काय नाही ते बोललो. माझ्याच घरात माझ्याच वाईटावर उठलात सगळे, मुलगा फोन नको म्हणतो, बायको डोळ्यावर पट्टी लावते, नात तोंड फिरवते. बोलता बोलता तिच्या माहेरपर्यंत गेलो. ती खाली बसून नारळ खवत राहिली. खवून झाला तरी खवत राहिली, खोबऱ्यात करवंटीचा काळा चुरा पडेपर्यंत. ते सगळं खोबरं टाकून द्यावं लागलं.

रविवार, २४ नोव्हेंबर

आज रागाचं काही नाही. तरी लिहितो.

परवा निरीतने चित्र काढून आणलं होतं. चित्र यायला नेहमीचा वेळ लागला, मी नेहमीसारखा तापलो, पण स्क्रीन उजळली आणि समोर तिचा कागद! कॅमेऱ्यासमोर धरून उभी. कागदाच्या मागून फक्त दोन बारीक पाय. खडूने काढलेलं मोठ्ठं लाल तोंड, अख्ख्या पानाएवढं, तोंड वासलेलं, आत दात, आणि बाजूला वर उचललेला एक हात. टोपी माझी आहे, निळ्या काठाची, ती बरोब्बर काढलीय.

मी! मला काढलंय पोरीने! तोंड उघडं म्हणजे मी किद्दूश, शरबताच्या पेल्यावरची प्रार्थना, म्हणतोय, वर केलेला हात आशीर्वादाचा. गाल लाल म्हणजे मनुकांचं शरबत प्यायल्यावरचे असणार. तिच्या मनात आहे सगळं. सांगितलं, "शाब्बास! शमुएल, हे मला पाठव, फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावतो." शमुएल म्हणाला, "बघतो पप्पा." त्याचा चेहरा असा का झाला होता कोण जाणे, कारखान्यात दमतो. हेप्झिबाला म्हटलं, "बघितलंस? नातीने आजोबांना काढलं." ती "हो" म्हणाली आणि आत गेली. हिला नसेल काढलं म्हणून वाईट वाटलं असेल.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

हनुक्काची, आमच्या दिव्यांच्या सणाची, दुसरी वात. राग नाही, म्हणून लिहायलाही काही नाही.

शनिवार, ३० नोव्हेंबर, शब्बाथ संपल्यावर

संपलं सगळं.

काल या डब्याने हद्द केली. एवढा वेळ तर कधीच लावला नव्हता. थंडी पडल्यापासून जास्तच माजलाय. मी ओरडलो, टेबलावर मूठ आपटली, त्याच्या कानफटात द्यावी तशी एक कडेला दिली. "ऊठ! चालता हो! तुझ्यासारखा नालायक मी आयुष्यात पाहिला नाही! नको मला तू, उचलून खिडकीबाहेर फेकून देईन!" हेप्झिबाने येऊन माझा हात धरला. "पुरे! देवासाठी पुरे!" तिच्या डोळ्यांत पाणी. लॅपटॉपसाठी रडते!

चित्र आलं. खुर्ची रिकामी. आडवी पडलेली. मी निरीतला हाका मारल्या. लांबून पोर रडल्याचा आवाज येत होता आणि सूनबाईंचा समजावण्याचा. शमुएल अंगावर टॉवेल घेऊन पळत आला, खुर्ची उभी केली आणि पहिल्यांदाच माझ्याशी आवाज चढवून बोलला. "पप्पा, बस झालं. पुढच्या शुक्रवारी नको."

"काय झालं तिला?"

"काही नाही. झोपलीय."

"दुपारी? आणि हे रडतंय कोण?"

"पप्पा, दिव्याची वेळ झाली तुमची." आणि बंद केला. बापाच्या तोंडावर.

म्हणजे नात गेली माझी. इथून ती तिकडे गेली तेव्हा नव्हती गेली, आता गेली. आणि कुणामुळे? या डबड्यामुळे. बघतोच त्याला. त्या अबरारलाही बघतो, मख्खनवाल्याला.

मंगळवार, ३ डिसेंबर

हे लिहायचं नव्हतं. लिहितो.

सकाळी अबरारच्या दुकानात जाऊन ठाण मांडलं. म्हटलं, "तुझ्याकडे आणेपर्यंत तो पिशवीत उन्हाने तापतो, म्हणून शहाण्यासारखा उठतो. आज मी इथेच बसणार, हा तुझ्या पंख्याखाली गार होणार, आणि मग तू माझ्यासमोर उघडायचा." त्याने हात टेकले. बसलो. त्याची गिऱ्हाइकं आली, गेली. मग उघडला. काळा!

"बघ! बघ आता तुझं मख्खन!" मला तर आनंदच झाला.

अबरार पहिल्यांदा फिरायचा थांबला. "एक मिनिट काका. फोन घेताना अडकतो का बघू." आणि माझ्या पाठीमागच्या त्याच्या मोठ्या कॉम्प्युटरवरून आमच्या नावाला व्हिडिओ लावला. हिरवा ठिपका लागला. स्क्रीन काळी. मला राहवेना. मी त्याच्या तोंडाशी तोंड नेलं आणि सुरू झालो, "ऊठ गाढवा, ऊठ! किती वेळ तुझं थोबाड..."

पाठीमागून कुणीतरी माझ्यावर ओरडायला लागलं. तेच शब्द, एक घास मागे. मोबाईल दाखवायला आलेली एक बाई दचकून दोन पावलं मागे सरली. मी वळलो.

अबरारच्या मोठ्या स्क्रीनवर एक म्हातारा होता. सुरुवातीला नुसती त्याची पाठ दिसली, आणि निळ्या काठाची टोपी. मी घाईने परत लॅपटॉपकडे तोंड केलं आणि मान तिरकी करून मागे बघितलं. तेव्हा तोंड दिसलं. लाल. अख्ख्या स्क्रीनभर. वासलेलं, आत दात. बाजूला हात, मारायला उचललेला. मी ते चित्र आधी पाहिलेलं होतं. मी ते फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावणार होतो.

"काका, हा कधीचा उठलाय," अबरार म्हणाला. "फोनपण घेतला त्याने. फक्त स्क्रीनच्या मागची लाइट म्हातारी झालीय, गरम झाल्याशिवाय पेटत नाही. आणि हा हिरवा ठिपका आहे ना, तो कॅमेऱ्याचा. हा लागला की समोरचा तुम्हाला बघतोय समजा. ऐकतोय पण."

बाईने विचारलं, "चाचांना पाणी देऊ का?"

निरीतकडे बघून. मी दर शुक्रवारी तिच्याकडे, सरळ तिच्या डोळ्यांत बघून ते बोलत होतो. ऊठ म्हणालो की ती खुर्चीतून उठत होती. मग मी विचारायचो, ही पोर बसत का नाही. शेवटी चालता हो म्हणालो, तर गेली.

बुधवार, ४ डिसेंबर

हेप्झिबाला सगळं माहीत होतं! शमुएलने तिला दिवाळीच्या आधीच सांगितलेलं. मी विचारलं, "मग मला का नाही बोललीस?"

ती कणीक मळत होती. थांबली नाही. "निरीत त्याला विचारते, मी दिसले की आजोबा का ओरडतात? मी गाढव आहे का? हे मी तुम्हाला सांगायचं? कसं? सांगायला जवळ यावं लागतं. तुम्ही कुणाला येऊ देता जवळ? शमुएल घाबरतो तुम्हाला, दोन लेकरांचा बाप व्हायला आला तरी. सांगितलं असतं तर तिच्यादेखतच माझ्यावर धावून आला असतात. म्हणून पट्टी लावली. निदान दिसू तरी नये तिला."

"मी काय राक्षस आहे?" मी ओरडलो.

"बघा," ती म्हणाली. "आत्ता कुठला कॅमेरा आहे समोर?"

राग आला होता, पण तो ठेवायचा कुठे? लॅपटॉप बिचारा वेळेवर उठत होता. माझा फोन घेत होता. अबरारची चूक नाही, सूनबाईंची नाही, घड्याळं मागे करणाऱ्यांचीही नाही. आणि एकतर्फी लाइन मला कळली नाही! मला!

शमुएलला फोन केला. म्हटलं, "या शुक्रवारी एकदाच लावा. मग नका लावू. तिला म्हणावं..." तो म्हणाला, "विचारतो तिला." हो म्हणाला नाही. विचारतो म्हणाला.

अबरारचाही फोन. नवी लाइट पोर्टवरून निघालीय पण जासईला कंटेनरच्या रांगेत अडकलीय, शुक्रवारपर्यंत होणार नाही. खोटं असेल, खरंही असेल. मी "बरं" म्हणालो. तर तोच घाबरला. "काका, तब्येत ठीक आहे ना?"

शनिवार, ७ डिसेंबर, शब्बाथ संपल्यावर

काल दाढी केली, पांढरा शर्ट घातला. निळ्या काठाची टोपी नाही घातली, दुसरी घातली. लॅपटॉप टेबलावर ठेवला. हेप्झिबाने पेल्यात पाणी भरलं, वर तेल सोडलं, वाती ठेवल्या आणि काड्यापेटी हातात घेऊन दारात उभी राहिली.

उघडला. काळा. मी थांबलो. बराच वेळ काहीच नाही. मग हिरवा ठिपका लागला.

कुणीतरी फोन लावला होता. ती असेल, नसेल. शमुएलच असेल, सांगायला की ती येत नाही म्हणते. या खेपेला स्पीकर आधीच लावला. नुसता घूं. सवयीने "ऊ" ओठांपर्यंत आला होता, तो गिळला.

"निरीत," मी म्हणालो. "बस बाळा. बस. उठू नकोस." स्पीकरमध्ये घूं. "आजोबा तुला नव्हते ओरडत. मला वाटायचं तू अजून आलीच नाहीस. मला तू दिसत नाहीस, आत्ताही दिसत नाहीस. मी या डब्याला ओरडत होतो. तू गाढव नाहीस. डबापण नाही. मी आहे."

पलीकडे काही नाही. मग मी आपला बोलत सुटलो. या लॅपटॉपच्या पोटात मलिद्याचे पोहे निघाले ते सांगितलं. काशिराम माझ्या आवाजाने झोपेतून उठून बसतो ते सांगितलं. तुझा बाबा लहान असताना मी ओरडलो की पलंगाखाली जाऊन बसायचा, आणि मी त्याला कधी वाकून बाहेर काढलं नाही, आजीच काढायची, तेही सांगितलं. हे मला कुठून आठवलं? काळ्या काचेत माझंच तोंड दिसत होतं, दुसरं काही नाही. खिडकीबाहेर उजेड उतरत चालला. मी हेप्झिबाकडे बघितलं. "आहे अजून वेळ," ती म्हणाली. वेळ नव्हता. तिने काडी ओढली नाही.

मग मी हात काळ्या काचेला लावला. बोटं नाही, सगळा तळवा. आणि म्हणालो. सारा, रिब्का, राहेल, लेआ यांच्यासारखी हो. परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझं रक्षण करो. ती नसेल तर नसेल, तिच्या नावाने म्हणालो.

हाताखाली स्क्रीन उजळली. हात काढला तर चित्र नव्हतं. लाल, नुसतं लाल. गेली! स्क्रीन पण गेली! अबरारचं नाव तोंडात आलं होतं. तेवढ्यात ते लाल हललं आणि त्यात रेषा दिसल्या, बारीक बारीक. हाताच्या रेषा. तिने तिकडून कॅमेऱ्यावर तळवा लावून धरला होता. कधीपासून, मला माहीत नाही.

तिने हात काढला, बोटं ओठांना नेली. मीपण नेली. ती खुर्चीत होती. खुर्चीच्या अगदी कडेला, पाय खाली टेकवून, पण बसलेली.

"आजोबा," स्पीकरमधून आलं, "मी बसूनच राहू?"

मी मान हलवली.

हेप्झिबाने काडी ओढली आणि दिवा लावला. तेव्हा कुठे लक्षात आलं की लॅपटॉप मिटायचा राहिला. आता हात लावता येत नव्हता. तिकडे अजून दुपार होती, कुणाला घाई नव्हती. मी किद्दूश म्हणालो, शरबत प्यायलो, भाकरी मोडली, आणि निरीत हनुवटी टेबलावर टेकून सगळं बघत होती. मग तो नेहमीसारखा तापला आणि आपला आपण बंद पडला. तोवर ती बसली होती.